एकाच कथेचे दोन टेप

शेजारच्या बागेत द्राक्षांची तोडणी सुरू झाली की माझी कंबर दुखायला लागते. बाग माझी नाही, क्रेट मी उचलत नाही, तरी दुखते. आमची स्वतःची बाग काढून टाकल्याला बरीच वर्षं झाली. तिच्या जागी ऊस उभा आहे आणि उसात बिबट्या आहे असं पिंपळवंडीत सगळे सांगतात. मी काही पाहिलेला नाही. पण संध्याकाळी तिकडं फिरकू नये, एवढं त्याच्यामुळं ठरून गेलं, ही एक सोयच झाली. दमलेल्या माणसाला घरी बसायला इतकं सन्मानाचं कारण सहसा मिळत नाही.

तरी मार्च लागतो. दुपारचं ऊन मानेवर हात ठेवून बसतं. शेजारच्या मांडवाखालून गंधकाच्या भुकटीचा आणि फुटलेल्या मण्यांचा आंबूस वास येतो, तोडणीच्या बायकांच्या कात्र्या चुकचुक करत राहतात, आणि मी ओट्यावर बसल्या बसल्या कान टवकारतो. मला ऐकायची असते फितींची गुणगुण. आता फिती कुणी बांधत नाही, बागांवर जाळ्या आल्या. पण त्या काळात पाखरं हाकलायला आम्ही जुन्या कॅसेटी उसवून त्यांची तपकिरी फीत मांडवावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचो. उन्हात ती चमकायची आणि वारा आला की एका सुरात घुमायची. पाखरं सुरुवातीला बिचकायची, मग सरावायची, मग त्याच फितीवर बसून द्राक्षं खायची.

गावातल्या सगळ्या बिघडलेल्या कॅसेटी माझ्याकडं जमा व्हायच्या. लग्नातली सनई, भीमगीतं, आरत्या, कुणाच्या तरी पोराचं पाढ्यांचं पाठांतर, सगळं एका रांगेत माझ्या द्राक्षांवर. वाऱ्याला त्यातलं काहीच वाचता यायचं नाही. तो आपला एकच सूर लावायचा.

या फितींमुळंच जॉर्जसाहेब पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणानं बोलले.

जॉर्जसाहेब केरळचे. खोडदच्या माळावर आकाशातल्या लहरी पकडणाऱ्या मोठाल्या थाळ्या उभ्या राहत होत्या, त्या कामावर ते इंजिनिअर म्हणून आले आणि आमच्या मळ्यातल्या दोन खोल्यांत राहिले. नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. लोक त्यांना वाटेत अडवून विचारायचे, "साहेब, वरनं काय ऐकू येतं?" ते म्हणायचे, "खरखर. आणि त्यातून तुमच्या मोटरसायकलची खरखर वजा करायची, ते माझं काम." मराठी ते मजुरांकडून शिकले होते, त्यामुळं त्यांचं सगळंच 'लई' असायचं. ऊन लई, भाकरी लई, देवसुद्धा लई. एवढा शिकलेला माणूस असं बोलायला लागला की आमच्या शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, हसू आवरायचं नाही, आणि तिला हसवायलाच ते जास्त लई लई करतात असा माझा संशय होता.

त्यांचे ते उपासाचे दिवस होते. येशूच्या मरणाची आठवण करतात त्या शुक्रवारापर्यंत ते मांसाला शिवायचे नाहीत. आमची तोडणी आणि त्यांचा उपास हे दोन्ही एकाच वेळी चालायचं. त्या संध्याकाळी मांडवाखाली उभे राहून ते वर बघत होते.

"भाऊ, ह्या फितीत काय हाय?"

मी सांगितलं.

"माझ्याकडं पण एक बांधायची हाय," ते म्हणाले. "पण दोनातली कुठली, ते ठरत नाय."

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांचा ताफा चालवायचे. दरवर्षी उपासाच्या शेवटी येशूच्या शेवटच्या रात्रीची आणि मरणाची कथा ते गाऊन घ्यायचे. दोनअडीचशे वर्षांपूर्वी युरोपात कुणी रचलेली, खूप मोठी. एक जण कथा सांगतो, मध्येमध्ये सगळे मिळून गातात, आणि अधूनमधून कथा थांबवून एकटं कुणी आपल्या मनातलं गातं. वडिलांकडं त्याच्या मोठ्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेल्या तीन कॅसेटी होत्या. प्रचंड ताफा, संथ चाल. लहानपणापासून जॉर्जसाहेब तेच ऐकत आले. पुढं कामानिमित्त परदेशात गेले, तिथं त्याच कथेचं नवं ध्वनिमुद्रण मिळालं. मोजके गाणारे, जुन्या धाटणीची वाद्यं आणि चाल भरभर. हेच खरं असं त्यांना वाटलं. घरी आल्यावर तालमीच्या वेळी सगळ्या ताफ्यासमोर त्यांनी ती नवी कॅसेट लावली आणि वडिलांना म्हणाले, "तुमची चाल चुकीची आहे. त्या काळी असं गात नव्हते."

"मग?"

"बाबांनी पुस्तक मिटलं आणि घरी गेले. तेव्हापासून माझ्याशी बोलले नाय. मी पण नाय."

आई मधूनमधून फोनवर सांगायची, या वर्षी तरी उपास सुटायच्या सणाला तू आधी बोल. यांचं म्हणणं, चूक नसताना का बोलू. पण आता वडिलांचं वय झालं होतं, त्यांनी ताफ्याचं काम सोडलं होतं, आणि जॉर्जसाहेबांची झोप उडाली होती. शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. "तुम्ही लोक ऐका. तुम्हाला ना ती भाषा येते, ना तुमचा तो धर्म, ना तुम्ही माझ्या बाबांना ओळखता. दोन्ही ऐका आणि सांगा कुठलं खरं वाटतं. बाबांचं म्हणालात तर मी आधी फोन करणार. नवं म्हणालात तर नाय."

एवढी मोठी जबाबदारी घ्यायला शहाणा माणूस नको म्हणाला असता. मी लगेच हो म्हणालो.

ऐकायला आम्ही चौघं. मी, शालन, श्रीपतअण्णा आणि गौतम. श्रीपतअण्णा आमच्या भजनी मंडळाची पेटी वाजवायचे. पार कळंबपर्यंतची मंडळं त्यांना बोलवायची आणि ते कुठंही गेले तरी आधी तिथल्या पखवाजाला नावं ठेवायचे. गौतम माझा शाळेपासूनचा मित्र, एस.टी.त कंडक्टर, भीमाशंकरच्या गाडीवर. बुद्ध पौर्णिमेला आणि भीमजयंतीला त्याच्या आवाजाशिवाय त्यांच्या वस्तीचं पान हलायचं नाही. दोघांचं एकमेकांवाचून चालायचं नाही आणि एकाही बाबतीत पटायचं नाही.

आणि मी. माझं संगीतातलं स्थान म्हणजे टू-इन-वनचा, म्हणजे रेडिओवाल्या टेपचा, मालक. शिवाय बी.एस्सी. झालेलो असल्यामुळं ज्या विषयात कुणालाच काही कळत नाही त्यात मला कळतं असं गावात धरून चालायचे, आणि मीही धरून चालायचो.

मांडवाला लागून पत्र्याची शेड होती, तोडलेले घड ठेवायची. बायका घरी गेल्या, क्रेट रचून झाले, की आम्ही पोत्यांवर बसायचो. हातपाय चिकट, नखांत हिरवं, पाठ मोडलेली. त्या थकव्यात एक प्रकारचा लबाड आनंद असायचा, कारण आता कुणी काम सांगणार नाही याची खात्री असायची. आज दमतो तेव्हा तो आनंद कुठं सापडत नाही. नुसतंच दमायला होतं.

पहिल्या संध्याकाळी वडिलांची कॅसेट लावली. जॉर्जसाहेबांनी आधी कथा समजावून दिली होती. अण्णा म्हणाले, "म्हंजी आख्यान. बुवा सांगणार, टाळकरी मागं धरणार, मदी अभंग. मग त्यात नवं काय?" साहेब खूष झाले. गाणं सुरू झालं. मोठ्या नदीला पूर यावा तसे ते असंख्य आवाज संथ वर येत राहिले. अण्णांनी मांडीवरच्या पेटीवर एक बोट दाबून बघितलं आणि मान हलवली. "पांढरी तीन." पेटीवर सूर सापडला की अण्णांचा पाहुण्यावर विश्वास बसायचा.

आम्ही डोळे मिटून ऐकलं. दुःख फार होतं. बरंच झाल्यावर गौतम हळूच म्हणाला, "साहेब, ह्यो माणूस आत्ताच गेला का?"

जॉर्जसाहेबांनी कॅसेट काढून बघितली. मी शेवटच्या कॅसेटची मागची बाजू लावली होती. येशूला आधी पुरलं होतं.

"आदी मेला आन् मग धरला?" अण्णा म्हणाले. "बी.एस्सी.ला हेच शिकवत्यात का राव?"

सरळ लावली. मग रोज संध्याकाळी थोडी थोडी. एकदा फार सुरेख जागा आली, व्हायोलिन अंगावर काटा आणत होतं, आणि मी तोंड भरून "क्या बात है" म्हणालो. साहेबांनी शांतपणे सांगितलं की आत्ता त्याला चाबकानं मारतायत. त्यानंतर मी दाद द्यायचं शालनवर सोपवलं. ती दाद देत नसे. नुसती पदराच्या टोकाला गाठ मारून सोडत बसे.

तिला त्या कथेतली एकच जागा आवडायची. येशूचा एक जवळचा चेला. येशूला पकडून नेल्यावर लोक या चेल्याला विचारतात, तू त्याच्याबरोबरचा ना? आणि हा भीतीनं परत परत म्हणतो, मी ओळखत नाही त्याला. मग कोंबडा आरवतो आणि हा बाहेर जाऊन रडतो. कथा थांबते आणि त्या रडण्याचं एक लांब गाणं येतं. "ओळखत नाय म्हणायला काय लागतं," शालन म्हणाली. "आपण बी म्हणतोच की." कुणाला उद्देशून म्हणाली ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

वडिलांच्या कॅसेटी संपल्या. अण्णांचं मत, "गाणारे जबरी, पण बैठकीला बसल्यालं उठतच नाय. डुलकी येती." गौतम म्हणाला, "डुलकी तुमाला येती अण्णा, त्याला ते काय करत्याल."

मग नवी कॅसेट आली, आणि माझ्या हातून जे व्हायचं ते झालं.

त्या दिवशी लाइट गेली होती. टू-इन-वनमध्ये सेल घातले. जॉर्जसाहेब माळावरून यायचे होते, तोवर नुसतं बघू म्हणून आम्ही सुरुवात लावली. तेच गाणं, पण पाण्याला उतार मिळाल्यासारखं खळाळत निघालेलं. अण्णांचं बोट पेटीवर गेलं, थबकलं, शेजारच्या काळ्या सुरावर आलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काळी दोन. टेप उतरलाय."

म्हणजे तेच गाणं पहिल्या कॅसेटीत जिथून सुरू झालं, त्यापेक्षा अर्धा सूर खाली. सेल संपत आले की टेप हळू फिरतो आणि आवाज खाली येतो, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. मी शास्त्रीय पद्धतीनं गेलो. नवे सेल घातले. तरी काळी दोनच. म्हणजे सेल नव्हे, मोटर. मोटरच्या मागं एक बारीक भोक असतं, त्यात स्क्रू असतो, तो फिरवला की वेग कमीजास्त होतो. हे ज्ञान माझ्याकडं होतं. नसतं तर बरं झालं असतं.

आमच्या भजनात पेटी कुणासाठी हलत नाही. पखवाज उतरला तर त्याला कणीक लावा, गट्ट्यांवर हातोडी मारा, एकतारीची खुंटी पिळा, गाणाऱ्यानं गळा चढवावा, पण सगळ्यांनी यायचं ते पेटीकडं. टेपनंही पेटीकडं यावं, यात आम्हाला काहीच वावगं वाटलं नाही. अण्णा पांढरी तीन दाबून बसले, गौतमनं बॅटरी धरली, मी कात्रीच्या टोकानं स्क्रू पिळत गेलो.

"ये, ये, ये," अण्णा म्हणत होते, बैल मागं घेताना म्हणतात तसं. "आला. आता हलवू नको."

तेवढ्यात जॉर्जसाहेब आले. आम्ही पहिल्यापासून लावलं. पहिला सूर आला तशी त्यांची मान झटक्यानं वर झाली. टू-इन-वनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पेटीकडं बघितलं. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि बराच वेळ हातातच ठेवला. गाणं त्यांना किती लागलंय ते बघून मला भरून आलं.

नवी कॅसेट आमच्या पसंतीला उतरली नाही. सगळे कुणीतरी मागं लागल्यासारखे गात होते. "भीमाशंकरच्या घाटात एकदा आमचा ब्रेक लागंना," गौतम म्हणाला. "तवा पब्लिकनं असंच देवाचं नाव घेतलं व्हतं. भक्ती खरी, पण खाली बघत." अण्णांना वाद्यं आवडली, पण बाया चिरकतायत असं त्यांचं म्हणणं पडलं. जॉर्जसाहेब नुसतं ऐकून घेत होते. निकालाआधी त्यांनी पहिली कॅसेट एकदा परत लावायला सांगितली. आणि काय आश्चर्य, ती एकदम जिवंत झाली होती. डुलकी गेली, चालीला पाय फुटले. अण्णांनी बोट दाबलं, पांढरी चार निघाली, अर्धा सूर वर. क्षणभर ते घुटमळले. मग म्हणाले, "आज लाइटवर हाय ना, म्हणून चढलाय." या स्पष्टीकरणाला बी.एस्सी.नं मान डोलावली.

"हेच," अण्णा म्हणाले. "त्या दिशी आमीच दमलो व्हतो. साहेब, तुमच्या वडलांचं खरं."

"वडलांचं," गौतम म्हणाला. अण्णांशी त्याचं पटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मीही वडिलांचंच म्हणालो. जॉर्जसाहेब शालनकडं वळले.

"वहिनी?"

"मला दुसरं आवडलं," ती म्हणाली. "पयल्यात रडणारा एकला आन् समजूत घालाया गाव. दुसऱ्यात त्याच्यासंगं एकच व्हायोलिन हाय. घाईत हाय, पण एकला हाय."

"तीन विरुद्ध एक," मी म्हणालो.

जॉर्जसाहेब हसले. "वहिनींचं मत मी माझ्यासाठी ठेवतो. तुमचं बाबांना सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना मोटरसायकलवर घालून हायवेवरच्या एस.टी.डी. बूथवर घेऊन गेलो. दुपारची वेळ, नाशिककडं जाणाऱ्या ट्रकांनी रस्ता थरथरत होता. ते काचेच्या खोपटात शिरले, मी बाहेर बाकावर. वडिलांना मारलेली एकच हाक ऐकू आली, "अप्पच्चा." मग नुसता रिसिव्हर कानाला, ओठ मिटलेले. बूथवाल्यानं मला विचारलं, "पावण्यांची लाइन कट झाली का?" मी म्हणालो, असेल. पण तितक्यात जॉर्जसाहेबांचं बोट काचेवर वाजायला लागलं. टक, टक, टक. ठेका होता तो. पलीकडं कुणीतरी गात असावं, आणि हे ठेका धरत होते. फार संथ ठेका. पहिल्या कॅसेटीहूनही संथ. मध्येच ते घाईनं एक ठोका आधी मारत, थांबत, आणि पुढच्याची वाट बघत.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आम्ही उसाचा रस घेतला. ग्लास अर्धा झाल्यावर ते म्हणाले, "बाबांना ठाऊक होतं चाल भरभर असते ते. पहिल्यापासून."

"मग?"

"आमच्या ताफ्यात म्हाताऱ्या बायका लई. त्यांना दम लागायचा. म्हणून बाबा हळू घ्यायचे. कुणाला गाळायला नको."

"मग त्यांनी तेव्हाच का नाही सांगितलं?"

"त्या बायका समोरच उभ्या होत्या ना."

मी ग्लास संपवला आणि रसवाल्याला पैसे दिले. 

त्या सणाला जॉर्जसाहेब घरी गेले. पुढं त्यांची बदली झाली तेव्हा वडिलांच्या कॅसेटी त्यांनी बरोबर नेल्या आणि नवी शालनच्या हातात दिली. "बागेवर बांधू नका," एवढंच म्हणाले.

माझी चूक माझ्या लक्षात यायला मध्ये दोन मोसम गेले. तोवर घरच्या टेपवरच्या सगळ्या आरत्या लगबगीनं होत होत्या. मंडळाच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं की अण्णा स्वतःच्या आवाजावर बेहद्द खूष व्हायचे. "तरणा वाटतोय राव माझा गळा." मग एकदा रेडिओवर कुणीसं सांगत होतं की जुन्या धाटणीनं वाजवणारे लोक आपली वाद्यं मुद्दामच अर्धा सूर खाली लावतात, त्या काळची पद्धत म्हणून. मी पाट्यावर मीठ वाटत होतो.  टेप उतरलेला नव्हताच. नवी कॅसेट आमच्या हातून विनाकारण पळवली गेली होती, आणि वडिलांच्या कॅसेटीला उठून बसायला मदत झाली होती. एका माणसाच्या घरचा निकाल आम्ही कात्रीच्या टोकानं लावला होता.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पेटी पांढरी तीन म्हणत व्हती. पेटी खोटं बोलत नाय." विषय संपला. मी मात्र सणाला जॉर्जसाहेबांचा फोन आला की पाऊसपाणी आणि द्राक्षांचे भाव बोलून फोन शालनकडं द्यायचो. बापलेकांचं बरं चाललंय हे कळत होतं. त्यात आपण स्क्रू कशाला घालायचा.

नंतर वर्षं अशीच गेली. बागेला औषधं पुरेनात आणि मला अंगात बळ पुरेना. एका मोसमाच्या शेवटी मांडवाचे खांब काढले, तेव्हा फितींचा गुंता एका बाजूला गोळा झाला, पक्ष्याच्या मोठ्या घरट्यासारखा. अण्णा गेले. पेटी देवळात असते, तिचे दोन सूर बसलेत. गौतम रिटायर झाला. अजून येतो, पण ओट्याची पायरी चढताना गुडघ्याला घाटातल्या गाडीला घालायच्या तशा शिव्या घालतो. टू-इन-वन फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेला. कॅसेटी कोण ऐकतं आता. पोरं पुण्याहून आली की कानात बोंडं घालून बसतात. कुठलं खरं, कुठलं बरं, याच्यावर घरात दोन माणसांचं भांडण होणंच बंद झालं. भांडायला दोघांनी एकच गोष्ट ऐकावी लागते.

गेल्या मोसमात, शेजारी तोडणी सुरू असताना, दारात गाडी थांबली. जॉर्जसाहेब उतरले. केस पांढरे, 'लई' तसंच. माळावर काही बैठक होती, मुद्दाम वाट वाकडी करून आले. शालननं भाकरी टाकली, मी गौतमला बोलावून आणलं. वडील पावसाळ्यात गेले असं त्यांनी सांगितलं. त्याआधीच्या सणाला तो जुना ताफा जॉर्जसाहेबांनी पुन्हा उभा केला होता. वडील पहिल्या बाकावर बसले होते.

"चाल कुठली घेतली?" गौतमनं विचारलं.

"बाबांची. आता त्या बायका लईच म्हाताऱ्या झाल्यात."

चहा झाला. त्यांची नजर फडताळावर फिरत होती. "भाऊ, टेप हाय अजून? आणि तो स्क्रू?"

मी बशी खाली ठेवली. गौतम छताकडं बघायला लागला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच सुराला," ते म्हणाले. "भाऊ, आकाशातली खरखर किती सरकली ते मी कानानं सांगतो. अर्धा सूर कळणार नाय?"

"मग बोलला का नाही?"

"फोन तर करायचा होता. तुम्ही उलटा निकाल दिला असता तर माझी पंचाईत झाली असती. त्या दिवशी आत आलो आणि बघितलं, तुम्ही सगळे मिळून मला हरवायची तयारी करून बसलाय. मी म्हटलं, हरू या."

इतकी वर्षं जपलेला अपराध असा हातातून काढून घेतल्यावर माणसाला थोडं रिकामं वाटतं. मी काहीतरी करायचं म्हणून फडताळावरून टू-इन-वन काढला, धूळ पुसली, आणि कात्री शोधायला लागलो. निदान आता तरी स्क्रू जागेवर आणावा.

"थांबा," ते म्हणाले. "आधी लावा तर."

शालननं ट्रंकेतून कॅसेट काढली. लुगड्यांच्या घडीत होती. तिनं स्वतःच लावली, आणि बाजू बरोबर लावली. थोडी घरघर झाली, मग ते रडण्याचं गाणं आलं. एकच व्हायोलिन, एकच गळा.

जॉर्जसाहेबांनी डोळे मिटले. थोडं ऐकून हळूच तोच सूर गुणगुणून बघितला. मग डोळे उघडून टेपकडं बघत राहिले.

"भाऊ, कात्री ठेवा. बरोबर हाय."

"काय बरोबर आहे?"

"आतला पट्टा ताणला गेलाय, मोटर दमलीय. तुम्ही जेवढा पळवला होता तेवढा आपोआप मागं आलाय. आता जसं गायलं तसंच हाय."

गौतमला हसू आलं ते खोकल्यात गेलं. शेजारच्या बागेत क्रेट गाडीत चढत होते, कुणीतरी कुणाला तरी हळू, हळू म्हणत होतं. मी कात्री ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली. पाठ दुखत होतीच.

शालन मान तिरकी करून ऐकत होती. हल्ली तिला एका कानानं कमी येतं, तो कान तिनं आमच्याकडं केला होता.

"आता नीट रडतोय," ती म्हणाली. "तवा तुमी त्याला रडू दिलं न्हवतं."